आईचं सगळं माझ्यात उतरणार का गं?

मंजू, परवा रात्री सव्वाअकराला तुझा फोन वाजला तेव्हा मी दचकलेच. आपल्या वयात अवेळचा फोन आला की आधी धस्स होतं, मग नाव वाचलं जातं. आई झोपली होती, ओटा पुसून झाला होता आणि तू तिथेच टेकून उभी होतीस, हे मला आवाजावरून कळलं. संध्याकाळी आईनं तुझ्याकडेच बघत तुला विचारलं म्हणे, "मंजू शाळेतून आली का हो?" हे तू हसत सांगितलंस. मग जरा थांबलीस आणि म्हणालीस, "ताई, आईचं सगळं माझ्यात उतरणार का गं?"

आणि मी काय उत्तर दिलं? "झोप आता, उशीर झालाय." एकतीस वर्षं कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, मेंडेलच्या वाटाण्यांचे चौकोन फळ्यावर काढून काढून बोटं खडूनं खरखरीत झाली, आणि सख्ख्या बहिणीनं आनुवंशिकतेचा प्रश्न विचारला तर बाईंची बोबडी वळली.

सकाळी बघते तर तुझे दोन मेसेज. एक कसल्याशा तपासणीचा: नळीत थुंकी पाठवा, तुमच्या शरीराचं 'खरं वय' कळवू. दुसरा गोळ्यांच्या बाटलीचा. बाटलीवर पांढऱ्या केसांची, पण तोंडावर एक सुरकुती नसलेली बाई. खाली तू विचारलंयस, "मागवू का?" थांब. चहा टाक, खुर्ची ओढ आणि आधी माझं ऐक.

पहिल्यांदा तुझा प्रश्न. आईकडून तुला निम्मी जनुकं आली, बाबांकडून निम्मी. पण आयुष्य काही त्या हिशेबानं वाटलं जात नाही. डेन्मार्कमध्ये जुळ्या भावंडांची फार जुनी नोंदवही आहे. १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या २,८७२ जोड्या तिथल्या संशोधकांनी तपासल्या आणि १९९६ साली सांगितलं की कोण किती जगतं यातल्या फरकाचा जेमतेम पाव हिस्सा आनुवंशिक असतो. पुढे २०१८ साली चाळीस कोटींहून जास्त लोकांच्या वंशावळी संगणकात घालून पाहिल्या, तर तो हिस्सा दहा टक्क्यांच्याही खाली गेला. कारण मोठं मजेशीर आहे. माणसं लग्न करतात ती आपल्यासारख्याच घरात. तेच खाणं, तशीच कमाई, तीच व्यसनं, आणि या सगळ्याला आपण 'घराण्याचं आयुष्य' म्हणत आलो. अपघात आणि साथीचे रोग बाजूला ठेवून मोजलं तर हिस्सा बराच वाढतो, असं म्हणणारेही शास्त्रज्ञ आहेत. आकड्यावरून त्यांना भांडू दे. पण 'आईचं तेच लेकीचं' हे उत्तर त्यांच्यापैकी कुणाच्याच वहीत नाही.

आपल्याकडचंच बघ. महर्षी कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली गेले. एकशेचार वर्षं! शंभरी भरली त्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. आणि त्यांचा मुलगा, संततिनियमनासाठी आयुष्य वेचलेले र. धों. कर्वे? ते एकाहत्तराव्या वर्षी, वडील हयात असतानाच गेले. आपल्या घरात तर गंमत उलटी आहे. आजी ब्याण्णवाव्या वर्षीसुद्धा पाटा-वरवंटा सोडत नव्हती आणि तिच्या लेकीला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्वतःची मुलगी ओळखू येत नाही. वारसाच धरायचा तर आईचाच का धरून बसलीस? नाक तर तुझं थेट आजीचं आहे.

जनुकं काहीच करत नाहीत, असं मात्र समजू नकोस. म्हातारपणाच्या शास्त्राला खरी कलाटणी मिळाली ती एका जंतामुळे. एक मिलिमीटर लांबीचा, मातीत राहणारा, दोन-तीन आठवड्यांत आयुष्य संपणारा जीव. १९९३ साली अमेरिकेत सिंथिया केनियन या बाईंनी दाखवलं की त्याच्या एका जनुकात बिघाड केला तर तो दुपटीहून जास्त जगतो. आणि नुसता पडून राहत नाही बरं. साधे जंत निपचित पडतात त्या वयात हा चांगला वळवळत फिरतो. तोवर बहुतेकांची समजूत अशी की शरीर झिजतं ते पितळी भांडं झिजावं तसं, त्यात करण्यासारखं काही नाही. केनियनबाईंच्या जंतानं दाखवलं की झिजण्याच्या वेगाला एक बटण आहे. ते जनुक इन्सुलिनसारख्या संदेशाशी जोडलेलं निघालं. खाणं भरपूर आहे असा निरोप आला की शरीर वाढीच्या आणि पिल्लांच्या मागे लागतं. टंचाईचा निरोप आला की डागडुजी काढतं. आपल्या घरासारखंच. लग्नसराईत कुणी गळकं छप्पर बघत नाही, हात आखडला की मग माणूस कौलं चाळतो.

तीच वाट माणसातही सापडली. हवाईमध्ये राहणाऱ्या जपानी वंशाच्या पुरुषांत २००८ साली असं दिसलं की दीर्घायुषी मंडळींमध्ये 'फॉक्सो-३' नावाच्या जनुकाचा एक ठरावीक प्रकार जास्त आढळतो. न्यूयॉर्कमध्ये नीर बार्झिलाई यांनी पंचाण्णवच्या पुढच्या ४७७ ज्यू आजी-आजोबांना त्यांच्या सत्तरीतल्या सवयी विचारल्या. वाटलं असेल, सगळे पहाटे उठून व्यायाम करणारे निघतील. कसलं काय! खाणं, सिगारेट, व्यायाम, यात ही मंडळी त्यांच्या पिढीतल्या इतरांपेक्षा काही सरस नव्हती. शंभरीच्या उंबरठ्यापर्यंत जाणाऱ्यांना जनुकांचा भक्कम हात असतो, तो असा. पण म्हणून आपण पथ्य सोडायचं नाही. त्यांच्या खात्यात मोठी ठेव होती. आपल्या खात्यात किती आहे त्याचं पासबुक अजून कुणी छापलेलं नाही.

आता तुझी खरी भीती. मला माहीत आहे, तुला आयुष्याच्या लांबीची काळजी नाही, तुला विसरण्याची धास्ती आहे. 'एपीओई' नावाचं एक जनुक आहे. त्याचा चार नंबरचा प्रकार अंगात असला तर अल्झायमरचा धोका वाढतो, हे खरं. पण तो धोका आहे, निकाल नव्हे. तो प्रकार असून शेवटपर्यंत शहाणी राहिलेली माणसं आहेत आणि नसून विसरलेलीही आहेत.

यावर एक गोष्ट सांगते. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन नावाच्या संशोधकानं १९८६ मध्ये जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती मठातल्या नन्सचा, अभ्यास सुरू केला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ६७८ जणी तयार झाल्या, आणि मेल्यावर मेंदू तपासायलाही त्यांनी मान्यता दिली. विचार कर, या सगळ्यांचं घर एक, जेवण एक, दारू-सिगारेट नाही, बाळंतपणं नाहीत. संशोधनाला याहून चांगलं काय हवं? मठात आल्यावर, विशी-बाविशीत, बऱ्याच जणींनी स्वतःबद्दल पानभर लिहून दिलेलं होतं. ते कागद जपून ठेवलेले सापडले. ज्यांच्या वाक्यावाक्यात विचार दाटलेले होते त्यांच्यात साठ वर्षांनी अल्झायमर कमी निघाला, ज्यांचं लिखाण रोडकं होतं त्यांच्यात जास्त. आणि सिस्टर मेरी म्हणून एक होत्या. एकशेएकाव्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत स्मरणाच्या चाचण्यांत चांगले गुण. मेंदू उघडून पाहिला तर अल्झायमरच्या खुणांनी भरलेला! रोग आत होता, पण बाई रोगाला पुरून उरली.

म्हणजे मेंदूतही शिल्लक टाकता येते, मंजू. लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाच्या समितीनं २०२४ साली चौदा कारणं मोजली. ती आवरली तर स्मृतिभ्रंशाची जवळजवळ ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा पुढे ढकलता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, साखर, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा, कमी शिक्षण, आणि त्यात एक आहे ऐकू कमी येणं. हे वाचलं तेव्हा मी हातातला कागद खाली ठेवला. आईला साठीपासून कमी ऐकू येत होतं. यंत्र घेऊ म्हटलं तर ती म्हणायची, "मला काय भाषणं ऐकायला जायचंय?" आणि आपण हसायचो. ती चार माणसांत बसेनाशी झाली, कीर्तनाला जाणं सुटलं, आपण म्हणालो, वय झालं. कानामुळेच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, मीही सांगत नाही. पण तू यंदा कान तपासून घे. मी घेतलेत.

आता ती थुंकीची नळी. त्यामागचं शास्त्र खोटं नाही. लॉस एंजेलिसच्या स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ मध्ये दाखवलं की डीएनएवर ३५३ ठिकाणच्या रासायनिक खुणा बघून माणसाचं वय ओळखता येतं. आईची पाककृतींची वही आठवते? पुरणपोळीच्या पानावर तुपाचे डाग, केकचं पान कोरं करकरीत. डागांवरून कळतं की वही किती जुनी आणि कोणतं पान किती उघडलं गेलं. तसंच काहीसं. हजार माणसांच्या दोन गटांची तुलना करायला हे घड्याळ फार उपयोगी पडतं. पण एकट्या मंजूचं वय सांगायला? दोन ठिकाणी थुंकी पाठवलीस तर दोन वयं येऊ शकतील. आणि अहवालात शेवटी सल्ला काय असतो? चाला, झोपा, जाडी कमी करा. तो मी फुकट देते आहे.

गोळ्यांचं म्हणशील, तर अमरत्वाच्या बाटलीची हाव जुनीच आहे. नोबेल मिळालेले मेचनिकॉफ पॅरिसमध्ये बसून सांगत होते की बल्गेरियातले शेतकरी आंबट दही खातात म्हणून खूप जगतात. स्वतः नेमानं खात. गेले एकाहत्तराव्या वर्षी. दही वाईट नाही हं, तुझं विरजण तर झकासच लागतं. पण चमत्कार करायला लावलास की दहीसुद्धा नासतं.

एक औषध मात्र खरोखर चक्रावून टाकणारं आहे. १९६४ साली ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले गेले. त्यातल्या जिवाणूपासून कॅनडात काम करणाऱ्या सुरेंद्रनाथ सेहगल यांनी रॅपामायसिन वेगळं काढलं. हा आपल्याकडचा, फाळणीपूर्व पंजाबातला माणूस. पुढे कंपनीनं तिथली प्रयोगशाळा बंद केली, काम गुंडाळायला सांगितलं. यांनी काय करावं? जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीमच्या शेजारी ठेवले आणि बिऱ्हाडाबरोबर नव्या गावी नेले. ते औषध १९९९ मध्ये मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी मान्य झालं. आणि २००९ मध्ये तीन प्रयोगशाळांनी एकाच वेळी दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांना, म्हणजे माणसाच्या साठीच्या आसपासच्या, हे दिलं तरी माद्यांचं आयुष्य चौदा टक्के आणि नरांचं नऊ टक्के वाढतं. उंदरांचं, मंजू. माणसात ते प्रतिकारशक्ती दाबतं, तोंडात फोड आणतं, आणि निरोगी माणसाचं आयुष्य वाढल्याचा पुरावा अजून नाही. खरं औषध इतकं जपून द्यावं लागतं, मग ऑनलाइन विकली जाणारी बाटली काय करणार? बाटलीचे पैसे बाजूला ठेव. ते कशाला लागणार आहेत ते शेवटी सांगते.

"ताई, मग मी करू काय?" हे तू म्हणणारच. सगळ्यात आधी, "मी बारीक आहे, मला काय होतंय" हे बंद कर. लग्नातला ब्लाउज अजून होतो याचा तुला मोठा अभिमान. इथे पुण्यातच केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांवर फार मोलाचं काम केलंय. त्यांनी आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं अगदी सारखं, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२! दिसायला दोघंही सडपातळ. आपल्या लोकांचं हे असं आहे, हातापायांच्या काड्या आणि चरबी पोटात दडलेली. आणि ही गोष्ट आईच्या पोटातच सुरू होते: पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं कितीतरी हलकी, पण चरबी मात्र राखून आलेली. तेव्हा वजनकाट्यावर भिस्त ठेवू नकोस. कमरेला टेप लाव आणि साखर तपास.

उपासाचंही ऐक. मॅकके नावाच्या शास्त्रज्ञानं १९३५ सालीच दाखवलं की उंदरांना पोषण पूर्ण देऊन खाणं कमी केलं तर ते जास्त जगतात. पेशी उपाशी असल्या की स्वतःचाच केरकचरा मोडून वापरतात, ही साफसफाई कशी चालते ते शोधणाऱ्या जपानच्या ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. हे कळल्यापासून तुझ्या सासूबाई म्हणत असतील, बघा, आमची एकादशी! पण आपली एकादशी म्हणजे दुप्पट खाशी. साबुदाणा, बटाटा, शेंगदाण्याचा कूट आणि वर वेफर्स. यानं पेशी कसली साफसफाई करतील? त्या ढेकर देतील. शिवाय माणसांवर दोन वर्षं प्रयोग झाला त्यात पंचवीस टक्के खाणं कमी करायला सांगितलेल्यांना जेमतेम बारा टक्के जमलं. तू काही उपाशी राहू नकोस, या वयात त्यानं स्नायू झडतील. रात्रीचं जेवण लवकर आटप, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात पातेल्यात संपवायची खोड सोड. ताटात डाळ, उसळ, दही, चालत असेल तर अंडं असू दे.

कारण खरी मालमत्ता ते स्नायूच आहेत. सतरा देशांतल्या जवळपास एक लाख चाळीस हजार माणसांच्या, त्यात आपलाही देश होता, मुठीची ताकद मोजली. २०१५ मध्ये आलेला निष्कर्ष असा की ताकद पाच किलोनं कमी असली तर मृत्यूचा धोका सोळा टक्क्यांनी जास्त. चेंडू दाबत बसलं की आयुष्य वाढेल असा अर्थ काढू नकोस. मूठ हा अंगातल्या सगळ्या ताकदीचा आरसा. तू लोणच्याची बरणी उघडायला तुझ्या अनिलरावांना हाक मारतेस ना, तो आरसाच बघतेस.

ब्राझीलमध्ये एक साधी चाचणी काढली. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात टेकला, गुडघा टेकला की एकेक गुण कापायचा. दोन हजार जणांना सहा-सात वर्षं पाहिलं, तर कमी गुणवाले जास्त गेले. मी वाचून हसले. आजी दिवसातून पन्नास वेळा पाटावर बसायची आणि उठायची. आपण जेवायला टेबल आणलं, भाजी चिरायला ओटा केला, देवघरसुद्धा उंच बसवलं, आणि जमिनीशी नातं तोडून टाकलं. मी करून पाहिलं, सहा गुण. उठताना तुझ्या भाऊजींच्या खांद्याला धरलं त्याचे गुण कापले नाहीत तर सात. तू भिंतीजवळ, कुणी घरात असताना कर, गुडघा दुखत असेल तर नको. मग रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा ऊठ-बस, एवढ्यापासून सुरुवात कर. लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांचा अभ्यास जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये छापला. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा पाच-सातशे पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. मॉरिस स्वतः व्यायाम करत राहिले आणि नव्याण्णवाव्या वर्षी गेले. तुमच्या सोसायटीच्या तीन मजल्यांना लिफ्ट नाही म्हणून कुरकुरतेस, ती जरा कमी कर.

आणि पाळीचं. सहा महिन्यांपासून वरखाली होतेय म्हणालीस, आणि वर एक वाक्य टाकलंस: "संपलंच आता सगळं." असं म्हणू नकोस गं. हाडं याच काळात भराभर विरळ होतात, तेव्हा डॉक्टरकडे जा, लाजू नकोस. पण 'संपलं' कसं? बहुतेक प्राण्यांत माद्या पिल्लं होईनाशी झाली की फार दिवस जगत नाहीत. बायका मात्र त्यानंतर तीस-चाळीस वर्षं जगतात. निसर्गानं हे का चालू दिलं असावं? क्रिस्टन हॉक्स यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांत राहून पाहिलं की म्हाताऱ्या बायका दिवसभर कंदमुळं खणतात आणि त्यावर नातवंडं पोसली जातात. फिनलंड आणि कॅनडातल्या जुन्या नोंदी तपासल्या तर पन्नाशीनंतर आजी जगली त्या दर दहा वर्षांमागे दोन-दोन नातवंडं जास्त निघाली. म्हणजे या उरलेल्या वर्षांत बायकांचा घराला उपयोग होता म्हणूनच आपलं आयुष्य लांबलं, असा तर्क आहे. तर्कच, पण मला आवडतो. फक्त एक पुस्ती जोडते: उपयोग होता म्हणून वर्षं मिळाली, ती सगळी दुसऱ्याच्या उपयोगातच संपवायला हवीत असं नाही.

आता जे बोलायला मी परवापासून टाळतेय ते.

आपल्या पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात. पंच्याच्या दशांना गाठी मारलेल्या असतात ना, कापड उसवू नये म्हणून, तशी ही टोकं. पेशी दुभंगते तेव्हा गाठ थोडी झिजते. माणसाची पेशी साधारण पन्नासदा दुभंगून थांबते हे हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं. ती का थांबते ते पुढे या टोकांवरून उलगडलं. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि त्यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर यांनी डबक्यातल्या एका एकपेशीय जीवात ही टोकं पुन्हा जोडणारं विकर शोधलं, १९८४ सालच्या नाताळच्या दिवशी. २००९ साली त्यांना नोबेल मिळालं. मी हे वर्गात दरवर्षी शिकवायचे.

ब्लॅकबर्नबाईंनी पुढे एक काम केलं ते मात्र मी कधी शिकवलं नाही. एलिसा एपेल या मानसशास्त्रज्ञ त्यांच्याकडे एक प्रश्न घेऊन आल्या. त्यांनी अठ्ठावन्न आया निवडल्या. काहींची मुलं निरोगी, काहींची मुलं कायमची आजारी. २००४ मध्ये निकाल आला. आजारी मुलाचं करण्यात जितकी जास्त वर्षं गेली, तितकी त्या आईची टोकं आखूड. आणि ज्यांना सगळ्यात जास्त ताण जाणवत होता त्यांच्या पेशी निदान दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसत होत्या.

एवढ्यानं घाबरून जाऊ नकोस. अभ्यास छोटा होता, आणि टोकांची लांबी म्हणजे सगळं नव्हे. स्पेनच्या मारिया ब्रान्यास ११७ वर्षं जगून २०२४ मध्ये गेल्या. त्यांच्या पेशी तपासल्या तर टोकं पार आखूड झालेली, तरी बाईंची तब्येत ठणठणीत होती. शिवाय सगळ्या आजारी मुलांच्या आया सारख्या खचलेल्या नव्हत्या. ज्यांना ताण कमी जाणवत होता त्यांच्या पेशींनी तेवढी झीज दाखवली नाही. मी तो भाग परत परत वाचला. ओझं तेच असून एखादीला कमी का जाणवत असेल? संशोधकांचं उत्तर त्यांच्यापाशी. माझ्या डोळ्यांपुढे आली ती तू, आणि तुझ्या शेजारी कुणीच नाही.

चार वर्षं आई तुझ्याकडे आहे. मी काय केलं? पैसे पाठवले. डॉक्टरांची नावं सुचवली. दिवाळीला आले की आईला न्हाऊ-माखू घातलं, फोटो काढले आणि पाचव्या दिवशी स्वारगेटची एसटी धरली. तू कधी ब्र काढला नाहीस, आणि मी त्याचा सोयीस्कर अर्थ लावला की मंजूला जमतंय. परवा तू विचारलंस, आईचं माझ्यात उतरणार का. अगं, जनुकांतून काय उतरेल ते उतरेल, पण या चार वर्षांत तुझ्यात जे उतरलंय ते माझ्यामुळे.

म्हणून आता सल्ला पुरे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सकाळच्या एसटीनं येते. आठ दिवस तिथेच राहते. आईच्या गोळ्यांचा डबा, तिच्या झोपेच्या वेळा, ती चिडली की कोणतं गाणं लावायचं, हे सगळं मला वहीत लिहून दे, कारण ती जागा बदलल्यावर गांगरेल हे मला ठाऊक आहे. मग तिला पुण्याला नेते. तीन महिने माझ्याकडे, तीन तुझ्याकडे. नाही रुळली तर मी सांगलीला येऊन राहीन, तुझे भाऊजी कुकर लावायला शिकलेत. बाटलीचे वाचलेले पैसे आहेत ना, त्यातून रात्रीसाठी एक बाई लाव. उरलेले मी घालते.

त्या तीन महिन्यांत तू फक्त तीन कामं करायची. कान तपास, साखर तपास, आणि रात्री दहाला झोप. सव्वाअकराला ओट्याला टेकून उभी राहिलेली मला पुन्हा ऐकू येता कामा नयेस.

आणि हो, एक तारखेला मी आले की जेवायला टेबलावर पानं मांडू नकोस. आजीचे पाट माळ्यावर आहेत, ते काढून ठेव. दोघी खाली बसू. उठताना बघू कुणाला किती गुण पडतात. आई विचारेल, या बायका कोण, आणि खाली का बसल्यात. विचारू दे. सांगू, मंजू शाळेतून आली, आता जेवायला बसलीय.